ताप कधीपासून?

पावसाळ्यात पुण्यात रोज दोन आकड्यांची चौकशी होते. खडकवासल्यात पाणी किती झालं आणि अमक्याच्या प्लेटलेट किती झाल्या. पहिला आकडा टीएमसीत असतो, दुसरा हजारांत. एक टीएमसी म्हणजे किती बादल्या हे सांगणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि प्लेटलेट अंगात राहून काय करतात हेही ठाऊक नसतं. पण आकडा मात्र तोंडपाठ असतो. जुलैत सगळा भर धरणावर. धरण भरलं, नदीत पाणी सोडलं, भिडे पूल बुडाला, की लोकांचं लक्ष जे प्लेटलेटकडे वळतं ते थेट दिवाळीच्या फराळापर्यंत.

ताप हा आपल्याकडे पूर्वीपासूनच मानाचा आजार. चरकसंहितेच्या निदानस्थानातला पहिला अध्याय ज्वराचा आहे. ज्वराची जन्मकथाही प्रसिद्ध आहे. दक्षाने यज्ञ मांडला, जावयाला, म्हणजे प्रत्यक्ष शंकराला, बोलावलं नाही. पुढे जावई भडकला आणि त्याच्या संतापातून ज्वर जन्माला आला. जावयाचा मान राहिला नाही म्हणून घराला ताप झाला, हे कारण कुठल्याही मराठी कुटुंबाला आजसुद्धा चटकन पटेल. त्याची टेस्ट मात्र अजून कुठल्या लॅबने काढलेली नाही.

मधल्या काळात आजीचा हात होता. पालथा हात कपाळाला, मग गळ्याखाली, की निकाल तयार. कसर आहे, कणकण आहे किंवा चांगला फणफणलाय. कसरीला मऊ भात, कणकणीला शाळेतून सुट्टी, फणफणल्यावर डॉक्टर. डॉक्टर जीभ बघत, पोट दाबून बघत आणि आत कंपाउंडरला काहीतरी पुटपुटत. कंपाउंडर गुलाबी औषधाच्या बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी चिकटवून देई. दोन-चार दिवसांत उतरला तर ताप साधा, नाही उतरला तर मुदतीचा. मुदत सरली की ताप जाई. कधी कधी माणूसही जाई, म्हणून त्या काळाचे फार गोडवे गाण्यात अर्थ नाही.

थर्मामीटर घरात असे, पण कपाटाच्या वरच्या खणात कापसात गुंडाळलेला, फुटेल या भीतीने सहसा बाहेर न येणारा. ज्याच्यामुळे आपण 98.6 या आकड्यावर विश्वास ठेवतो तो जर्मन डॉक्टर कार्ल वुंडरलिश. त्याने लाइपझिगच्या रुग्णालयात सुमारे 25,000 रुग्णांची लाखो मोजमापं घेऊन 1868 साली ग्रंथ काढला. त्या काळचे थर्मामीटर फूटभर लांब असत आणि पंधरा-वीस मिनिटं काखेत धरावे लागत. आपल्याकडचा रुग्ण एवढा वेळ गप्प बसला असता का, याची मला शंका आहे. पुढे 2020 साली सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या हाती तापमानाची बंदूक आली. तिच्या वहीनुसार आमच्या सोसायटीतला प्रत्येक इसम कित्येक महिने 94 फॅरनहाइटवर जगत होता. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला धोकादायक समजतात. वॉचमन ‘जावा’ म्हणायचा.

तर असा हा मानाचा पाहुणा अंगात आलेला असताना डॉक्टर जेव्हा ‘व्हायरल वाटतंय, दोन दिवस बघू’ एवढंच म्हणतात, तेव्हा माणूस खट्टू होतो. ऑफिसात रजा टाकलेली, रिक्षावाल्याशी वाद घालून दवाखान्यात पोचलेलो, तासभर नंबर लावून बसलेलो, आणि निघालं काय? नुसतं व्हायरल! आत्याचा फोन आल्यावर तिला सांगायचं काय? म्हणून केबिनच्या दारापर्यंत गेलेला रुग्ण वळतो आणि म्हणतो, “डॉक्टर, एकदा ब्लड करून घेऊ या का?” डॉक्टर म्हणतात, आज दुसराच दिवस आहे, आज काही कळणार नाही. “तसं नाही, आपलं मनाचं समाधान.” आपल्याकडे आजार शोधायला किती रक्त काढलं जातं आणि मनाच्या समाधानासाठी किती, याचा हिशेब एकदा वेगवेगळा मांडायला हवा.

समाधानाची सोय लॅबने केलेलीच असते. तिला फिव्हर पॅनल म्हणतात. सीबीसी, मलेरिया, विडाल, डेंग्यू, सीआरपी, लघवी, लिव्हरचं एखादं एन्झाइम. राइसप्लेटमध्ये लोणचं नको म्हटलं तरी पैसे तेवढेच पडतात, तसंच इथेही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोनच टेस्ट लिहिलेल्या असतात; पण काउंटरवरची मुलगी सांगते की त्या दोन सुट्या घेतल्या तर अमुक आणि पॅनल घेतलं तर त्याहून जेमतेम तीनशे जास्त. तीनशेत पाच टेस्ट अधिक मिळत असताना दोनच घेऊन घरी जाणारा मध्यमवर्गीय माणूस माझ्या पाहण्यात नाही.

माझ्या मेहुण्यांना मागच्या पावसाळ्यात ताप आला तेव्हा हा सगळा सोहळा मी जवळून पाहिला. मेहुणे म्हणजे आमच्या घरचे जावई, त्यामुळे चरकाच्या कारणाचाही आम्ही आपापसात हळूच विचार करून घेतला. पण गणपतीत पहिला मोदक त्यांनाच वाढला होता.

सकाळी सातला लॅबचा मुलगा आला. पाठीवर सॅक, हातात हेल्मेट, पायातले बूट दाराबाहेर. त्याने फॉर्म काढला. नाव, वय, मोबाइल. “ताप कधीपासून?” त्याने विचारलं. मेहुणे म्हणाले, “झाले की तीन-चार.” ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, “तीन-चार कुठले, आठवडा झाला.” मुलाने त्या रकान्यात काहीच लिहिलं नाही. ही रिकामी जागा ध्यानात ठेवा. पुढची सगळी पंचाईत तिथून सुरू होते.

मग दंडाला पट्टी आवळली गेली. “मूठ आवळा, काका.” आम्ही सगळे भोवती जमलो. “यांची शीर सापडत नाही हं,” ताई म्हणाली, आणि ती तक्रार नव्हती, तो अभिमान होता. “मागच्या वेळी दोन्ही हातांना टोचलं होतं.” मुलगा काही बोलला नाही. त्याने कोपराच्या खळगीत दोन बोटांनी चाचपून पाहिलं, स्पिरिटचा बोळा फिरवला, “मुंगी चावेल फक्त,” म्हणाला आणि पहिल्याच फटक्यात शीर धरली. ताईचा चेहरा किंचित उतरला.

रक्त दोन-तीन नळ्यांत गेलं. त्यातली जांभळ्या टोपणाची नळी सीबीसीची. तिच्यात ईडीटीए नावाचं रसायन आधीच असतं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि रक्त गोठू देत नाही. मुलाने ती नळी हातात धरून सावकाश उलटी-सुलटी करायला घेतली. मेहुण्यांना राहवलं नाही. “काय करतोयस?” “गुठळी होऊ नये म्हणून, काका.” “मग जोरात हलव ना.” “जोरात हलवलं तर पेशी फुटतात.” आणि तो आठ-दहा वेळा त्याच संथ लयीत नळी फिरवत राहिला. त्या सबंध आठवड्यात मेहुण्यांच्या तापासाठी झालेलं सगळ्यात काळजीपूर्वक काम हेच होतं असं माझं मत आहे. कारण नळी नीट फिरवली नाही तर बारीक गुठळ्या होतात, प्लेटलेट त्यात अडकतात, मशीनला त्या दिसत नाहीत, आणि धडधाकट माणसाच्या प्लेटलेट कागदावर धाडकन खाली येतात. काही लोकांच्या रक्तात तर खुद्द ईडीटीएमुळेच प्लेटलेट एकमेकींना चिकटून बसतात. मशीन कणांचा आकार पाहून मोजतं. प्लेटलेटचा घोळका त्याच्या हिशेबात प्लेटलेट म्हणून धरलाच जात नाही. अशा वेळी पॅथॉलॉजिस्ट काचेवर थेंब पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी बघतो आणि रिपोर्टच्या तळाशी लिहितो की स्मिअरवर प्लेटलेट पुरेशा दिसतात. अख्ख्या रिपोर्टातली सगळ्यात मोलाची ओळ ती. पण तिच्यात आकडा नसतो, त्यामुळे ती कुणी वाचत नाही.

रात्री नऊला पीडीएफ आली. पूर्वी रिपोर्ट बंद पाकिटात यायचा आणि डॉक्टरांनी उघडेपर्यंत घर श्वास रोखून बसायचं. आता तो आधी रुग्णाकडे येतो, मग कुटुंबाच्या ग्रुपवर जातो, तिथून नाशिक, बंगळूर आणि न्यू जर्सीला जाऊन येतो, आणि डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी दाखवला जातो. तोवर निदान झालेलं असतं. डॉक्टरांनी फक्त सही करायची.

वाचायची पद्धत सोपी आहे. जे ठळक छापलंय तेवढंच वाचायचं. मेहुण्यांच्या रिपोर्टात पीडीडब्ल्यू ठळक होतं. “हे आपल्याकडे कुणाला नव्हतं,” आत्या फोनवर म्हणाली. पीडीडब्ल्यू म्हणजे प्लेटलेटच्या आकारात किती फरक आहे याचं एक मोजमाप. मशीन ते काढतं, कारण मशीनला ते काढता येतं. आता या ठळक अक्षरांमागचं गणित ऐका. नॉर्मल रेंज ठरवताना पुष्कळ निरोगी माणसांचे आकडे घेतात आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के वगळून मधल्या 95 टक्क्यांना नॉर्मल म्हणतात. म्हणजे दर टेस्टमध्ये शंभरातली पाच ठणठणीत माणसं रेंजबाहेर जाणार, हे आधीच ठरलेलं. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस टेस्ट एखाद्या निरोगी माणसाच्या केल्या, तर निदान एक तरी आकडा ठळक येण्याची शक्यता सुमारे 64 टक्के निघते. सीबीसीतच वीसेक ओळी असतात. त्या एकमेकींशी थोड्या बांधलेल्या असल्याने गणित तंतोतंत लागू होत नाही, पण सगळेच्या सगळे आकडे रेंजमध्ये असलेला माणूस भेटला तर त्याचाच सत्कार करावा, एवढं नक्की.

या सगळ्या पॅनलमध्ये माझं खरं वैर विडालशी आहे. फेर्नां विडाल हा फ्रेंच डॉक्टर, जन्म अल्जीरियातला. त्याने 1896 साली पॅरिसला दाखवून दिलं की टायफॉइडच्या रुग्णाच्या रक्तातला पातळ द्रव टायफॉइडच्या जंतूंत मिसळला की जंतू गोळा होऊन बसतात. 1896 साली हे भन्नाटच होतं. तेव्हा दुसरं होतं काय? पुढे रक्तातून जंतू वाढवून बघायच्या चांगल्या पद्धती आल्या आणि युरोप-अमेरिकेने विडालला सन्मानाने निवृत्त केलं. आपण त्याला मुदतवाढ देत आलो. देता देता सव्वाशे वर्षं झाली.

विडालचा रिपोर्ट भावासारखा लिहितात. एकास वीस, एकास चाळीस, एकास ऐंशी, एकास एकशे साठ. रक्तातला द्रव कितीपट पातळ केला तरी जंतू गोळा होतात, त्याचा हा आकडा. अडचण अशी की ज्या देशात पाणीपुरी हा राष्ट्रीय उपक्रम आहे, तिथे टायफॉइडच्या जंतूची किंवा त्याच्या चुलत भावंडांची गाठ कधी ना कधी प्रत्येकाशी पडलेली असते. लस घेतली असेल तरी खुणा राहतात. त्यामुळे एकास ऐंशी हे आपल्याकडे कुणाचंही निघू शकतं. माझ्या मते पुण्याच्या नागरिकत्वाचा तो एक पुरावा मानायला हरकत नाही. शिवाय नव्या टायफॉइडची प्रतिपिंडं तयार व्हायलाच आठवडाभर लागतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी केलेली विडाल ही या तापाची नसतेच. ती तुमच्या पूर्वायुष्याची असते. नीट करायची तर आठवड्याभराच्या अंतराने दोनदा करून आकडा चौपट चढला का ते बघायचं. दुसऱ्यांदा कोण करतो? तोवर ताप गेलेला असतो आणि घरात ‘टायफॉइड निघाला होता’ असं कायमचं नोंदलं गेलेलं असतं. मला तर ‘थोडा टायफॉइड’ झालेलेही भेटले आहेत, आणि ‘टायफॉइड आत मुरलेला आहे’ असं सांगणारेही. वरच्या मजल्यावरच्या काकांना तो दरवर्षी निघतो. दरवर्षी ते विडाल करतात, दरवर्षी एकास ऐंशी येते, दरवर्षी औषधाचा कोर्स होतो. आकडा हलत नाही. काकांची विडालवरची श्रद्धाही हलत नाही.

टायफॉइड खरोखर पकडायचा तर ब्लड कल्चर. त्याला मोठ्या माणसाचं आठ-दहा मिलिलिटर रक्त एका बाटलीला लागतं, जंतू वाढायला दोन-तीन ते पाच दिवस लागतात, आणि मुख्य अट म्हणजे रक्त अँटिबायोटिकच्या आधी काढावं लागतं. इथे घोडं अडतं. कारण तोवर कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने ‘हे तीन दिवस घ्या, एकदम फ्रेश वाटेल’ म्हणून गोळ्या दिलेल्या असतात, किंवा घरातच मागच्या तापातल्या उरलेल्या चार गोळ्या औषधाच्या डब्यात सापडलेल्या असतात. आपल्याकडे शिळं अन्न टाकत नाहीत, गोळ्या कशा टाकतील? मग कल्चर कोरं येतं, आणि ‘एवढं रक्त काढलं, काही निघालं नाही’ म्हणून दोष कल्चरला.

मलेरियाची गोष्ट जास्त सरळ आहे, कारण तिथे गुन्हेगार प्रत्यक्ष दिसतो. योगायोग म्हणजे इथेही अल्जीरियाच. तिथल्या लष्करी रुग्णालयात लाव्हराँ या फ्रेंच डॉक्टरने 1880 साली रुग्णाच्या ताज्या रक्तात मलेरियाचा परजीवी पहिल्यांदा पाहिला. डासाच्या पोटात तो पाहिला रोनाल्ड रॉसने, सिकंदराबादला, 20 ऑगस्ट 1897 रोजी. त्यासाठी हुसेन खान नावाच्या रुग्णाला डासांकडून चावून घ्यायचे दर डासामागे एक आणा मिळाले होते. तापाच्या तपासणीत पैसे रुग्णाकडे गेल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आमच्या लहानपणी गावोगाव हिवतापाचे कर्मचारी येत. सायकल, खाकी पिशवी, पिशवीत काचपट्ट्या. “ताप आला होता का कुणाला?” आम्ही माळ्यावर. आई नको तितक्या प्रामाणिकपणे सांगायची, मग बोटाला सुई, काचेवर एक जाड ठिपका आणि एक पातळ पसारा, चार कडूजहर गोळ्या, आणि दाराशेजारच्या भिंतीवर तारखेची नोंद. काच तालुक्याला जाई. तिथे कुणीतरी डोळे बारीक करून त्या ठिपक्याचा इंच न् इंच बघे. रिपोर्ट येईपर्यंत मुलगा ताप विसरून नदीवर डुंबायला गेलेला असे. पण त्या भिंतीवर तारीख होती, हे आज आठवलं की मला त्या माणसाचं कौतुक वाटतं. ताप कधी आला होता हे निदान एका माणसाने तरी लिहून ठेवलेलं होतं.

जाड ठिपक्यात परजीवी शोधायला सोपे, पातळ पसाऱ्यात ते व्हायवॅक्स की फाल्सिपेरम हे ओळखायला सोपं. एकदा काच कोरी निघाली म्हणजे मलेरिया नाही असं होत नाही. थंडी-तापाचा फेरा चालूच असेल तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा काच घ्यायची असते. हे ऐकल्यावर रुग्णाचा पहिला प्रश्न असतो, “मग पहिली कशाला घेतली?”

आणि डेंग्यू. डेंग्यूचा मान आता टायफॉइडहून मोठा. ‘टायफॉइड निघाला’ म्हटल्यावर लोक हळहळतात. ‘डेंग्यू निघाला’ म्हटल्यावर फळं घेऊन येतात. एनएस1 नावाची टेस्ट विषाणूचं प्रथिन शोधते. ती तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत कामाची. आयजीएम शरीराने केलेली प्रतिपिंडं शोधते. ती साधारण पाचव्या दिवसानंतर. उलट वेळी केल्या तर दोन्ही निगेटिव्ह येऊ शकतात आणि लॅबची काडीचीही चूक नसते. मेहुण्यांची एनएस1 निगेटिव्ह आली तेव्हा घरात दोन पक्ष पडले. ताप चौथ्या दिवशी मानणारे म्हणाले डेंग्यू नाही. आठव्या दिवशी मानणारे म्हणाले टेस्टच चुकीची केली. डॉक्टरांनी पुन्हा तेच विचारलं. ताप कधीपासून? ताई म्हणाली, “त्या दिवशी गुरुजी आले होते.” मेहुणे म्हणाले, “गुरुजी आले तेव्हा मी व्यवस्थित होतो, दोनदा पुरणपोळी घेतली.” मग गुरुजी कोणत्या वारी आले यावर चर्चा झाली, गुरुजींना फोन झाला. गुरुजींनी तिथी सांगितली, तारीख त्यांनाही आठवेना.

प्लेटलेटचं नाट्य यापुढचं. नॉर्मल दीड ते साडेचार लाख. डेंग्यूत त्या उतरतात आणि नेमक्या ताप उतरायच्या सुमारास सगळ्यात जास्त उतरतात, त्यामुळे घरच्यांना कळत नाही की पेढे वाटावेत की रडावं. मग किवी येतात. एरवी ज्या फळाकडे आपण बघत नाही ते हातगाडीवर एकाएकी सफरचंदाच्या वर जाऊन बसतं. पपईची पानं येतात. सोसायटीतलं पपईचं झाड सप्टेंबरात बोडकं होतं. शेळीच्या दुधासाठी कुणीतरी स्कूटरवर पहाटे सिंहगड रस्त्याला जातं. या सगळ्याचा फायदा असा की ताप उतरल्यावर प्लेटलेट आपोआप चढायच्या असतातच. त्या वेळी पोटात जे असेल त्याला श्रेय मिळतं. आमच्याकडे ते श्रेय आत्याच्या किवींना मिळालं. पपई पक्ष अजून नाराज आहे.

सकाळी एका लॅबने 86 हजार सांगितल्या आणि संध्याकाळी दुसऱ्या लॅबने एक लाख चार हजार, तर माणूस दुसरी लॅब चांगली म्हणतो. मोजणीत एवढा फरक पडतोच, दिवसागणिक शरीरातही पडतो. डॉक्टर मात्र त्याच कागदावरचा पीसीव्ही हा आकडा बघत असतात. तो चढला तर शिरांतलं पाणी बाहेर झिरपतंय, आणि डेंग्यूत खरा धोका तो. त्याहून जास्त ते विचारतात, पोटात दुखतं का, उलट्या होतात का, हिरड्यांतून रक्त येतं का, लघवी किती वेळा झाली. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत त्या चढवायची सहसा गरज नसते. पण ‘लघवी किती वेळा झाली’ हा प्रश्न फोनवर आत्याला सांगण्यासारखा नसतो. प्लेटलेट सांगता येतात.

माझा मुद्दा एवढाच की बिनपैशाच्या टेस्टना कुणी विचारत नाही. मुंबईत 26 जुलै 2005 च्या पुरानंतर लेप्टोची साथ आली तेव्हा डॉक्टर पहिलं विचारत होते, पाण्यातून चाललात का, पायाला जखम होती का. सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात 2016 पासून माकडतापाने लोक आजारी पडू लागले; तिथे डॉक्टरने ‘काजूच्या बागेत गेला होतास काय, माकडं मेलेली दिसली काय’ असं विचारलं की अर्धं काम झालं. उरलेलं रक्ताचा नमुना पुण्याच्या विषाणू संस्थेत गेल्यावर. 2018 साली नागपूरकडे स्क्रब टायफसची साथ आली. तिच्यात गोचिडासारख्या बारीक किड्याच्या चाव्याच्या जागी कधी कधी काळी खपली धरते. काखेत, कमरेला, लुगड्याच्या निऱ्यांखाली. ती दिसली की हजारो रुपयांच्या तपासण्या वाचतात. पण त्यासाठी डॉक्टरला शर्ट काढायला सांगावा लागतो, आणि आपला माणूस म्हणतो, “रक्त घेतलंय ना, आता शर्ट कशाला?”

आणि कधी कधी एवढं सगळं करूनही काही निघत नाही. अमेरिकेत पीटर्सडॉर्फ आणि बीसन या डॉक्टरांनी 1961 साली अशा शंभर रुग्णांचा अभ्यास छापला. तीन आठवड्यांहून जास्त ताप, 101 च्या वर, रुग्णालयात आठवडाभर तपासण्या, तरी कारण हाती नाही. या अवस्थेची त्यांनी रीतसर व्याख्या केली. नाव, कारण न सापडलेला ताप. तीन अक्षरांत पीयूओ. ते नाव फाइलवर लिहिलेलं असलं की नातेवाईक आदराने बघतात. व्हायरलपेक्षा केव्हाही भारदस्त.

मेहुण्यांचा ताप कशाचा होता? सगळे रिपोर्ट निगेटिव्ह, विडाल एकास ऐंशी, पीडीडब्ल्यू ठळक. सोमवारी ताप गेला. डॉक्टर म्हणाले, व्हायरल होता. ते पहिल्या दिवशीही हेच म्हणाले होते, पण तेव्हा ते फुकट होतं.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. आपल्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय असतं. त्यावर दुधाचा खाडा कोणत्या तारखेला झाला, गॅस कधी लावला, मोलकरीण किती दिवस आली नाही, याची नोंद चोख असते. अर्ध्या लिटरचा वाद झाला तर आपण पुरावा दाखवतो. त्याच चौकोनात, दुधाच्या शेजारी, ताप कोणत्या दिवशी आला आणि किती चढला एवढं लिहून ठेवा, आणि मेडिकलवरून घेऊन कुठली गोळी खाल्ली असेल तर तीही. दवाखान्यात जाताना ते पान फाडून न्यायची गरज नाही, मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल. पेन तिथे दोऱ्याने बांधलेलं असतंच.